अमीनकाकांनी उतरवलेला मुलगा

कोथरूडात ज्याच्या घरी शाळेत जाणारं पोर होतं, त्याला अमीनकाका माहीत होते. बाकीच्यांना माहीत असायचं काही कारणही नव्हतं. सकाळी पावणेसातला त्यांची रिक्षा सोसायटीच्या फाटकाशी येऊन उभी राहायची. मागच्या सीटवर चार पोरं, समोर ठोकलेल्या लाकडी फळीवर तीन, आणि काकांच्या शेजारी कसंबसं टेकलेलं एक. दप्तरं बाहेर लोंबकळत. पोलीस दिसला की फळीवरच्यांनी खाली वाकायचं, हे पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ झालेलं.

माणूस वक्तशीर, आणि एका बाबतीत भलताच हट्टी. दुपारी परत आणलेलं पोर घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात दिल्याशिवाय रिक्षा हलायची नाही. एखादी आई गॅलरीतूनच ओरडायची, "सोडा हो काका, येईल तो वर." काका इंजिन बंद करून शांतपणे म्हणायचे, "ताई, आपण खाली या. मला घाई नाही." बिचारी गाऊनवर ओढणी टाकून तीन जिने उतरायची.

पोरं त्यांचं ऐकायची. घरी आईबापांना न जुमानणारी कार्टी रिक्षात कशी मुकाट बसतात, याचं बायकांना नवल वाटायचं. "काका, तुमच्याकडे जादू आहे हो," म्हणायच्या. काका नुसते हसायचे. ही स्तुती कधी नूरबानूच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या कानावर गेली, की ती उठून आत निघून जायची.

कारण या जादूगाराचा स्वतःचा एकुलता एक मुलगा, रज्जाक, नऊ वर्षं घरी आला नव्हता. सोळाव्या वर्षी निघून गेला तो गेलाच. हडपसरला एका पत्र्याच्या शेडमध्ये खिडक्यांच्या जाळ्या जोडतो, हे नूरबानूला तिच्या भावाकडून कळलं होतं. ती चोरून दोनदा भेटूनही आली होती. काका म्हणायचे, "माझ्यासाठी मेला तो." म्हणायचं काय, तोंडाला काय लागतं! दर ईदेला हाच माणूस नमाजाहून आल्यावर संध्याकाळपर्यंत नवे कपडे न बदलता दाराकडे तोंड करून बसायचा.

रज्जाक लहानपणापासून वेगळाच होता. हातून बाटलीभर पाणी सांडलं तर तो वरून सगळी कळशी ओतायचा. झोप धड नाही. एका जागी बूड टेकायचं नाही. राग आला की समोर कोण आहे ते दिसायचं नाही त्याला, आणि राग ओसरला की पलंगाखाली जाऊन बसायचा, दोन दोन तास बाहेर यायचा नाही. शेजारपाजारच्यांनी निदान करून टाकलं होतं: लाड. एकुलता एक ना! दुसरं काय असणार? काकांनाही ते पटलं. लाडाला औषध म्हणून त्यांनी कमरेचा पट्टा काढला.

शाळेच्या मोठ्या बाईंना भेटून, हातापाया पडून काकांनी त्याला त्याच शाळेत घातलं, जिथे त्यांची रिक्षा जायची. तो पहिलीपासून बापाशेजारी पुढे बसायचा. आणि मग तक्रारी सुरू झाल्या. चिमटे काढतो. वेण्या ओढतो. तिसरीत असताना त्याने एका मुलाचा डबा चालत्या रिक्षातून पौड फाट्यावर भिरकावून दिला. दुसऱ्या दिवशी चार घरची माणसं फाटकाशी उभी. त्यातले एक गृहस्थ फार गोड बोलले, "अमीन, तुमचा मुलगा म्हणून आम्ही इतके दिवस काही बोललो नाही. पण आता आमचीही मुलं आहेत, नाही का?"

काका शरमेने काळेठिक्कर पडले. त्याच संध्याकाळी त्यांनी रज्जाकला सांगितलं, "उद्यापासून तू पायी जायचंस."

शाळा घरापासून दीड मैल. त्या काळात पोरं चालायची, त्यात विशेष काही नव्हतं. विशेष होतं ते हे, की रस्ता एकच होता. रज्जाक अर्धा तास आधी निघायचा, आणि बरोबर कर्वे पुतळ्यापाशी बापाची रिक्षा त्याला गाठायची. आत आठ परकी पोरं. ती ओरडायची, "काका, रज्जाक! तो बघा रज्जाक चाललाय!" काका समोर बघायचे. पहिले काही दिवस तो हात हलवत रिक्षामागे धावला. हसत धावायचा हो, खेळ समजून! रिक्षा थांबत नाही हे लक्षात आलं, तसा धावायचा थांबला. मग एके सकाळी त्याने दगड मारला आणि मागचा लाल दिवा फोडला. त्या रात्री पट्टा तुटेपर्यंत मार पडला. नूरबानू मध्ये पडली तर तिलाही बसला.

काकांना वाटत होतं, आपण शिस्त लावतोय. स्वतःच्या पोरालासुद्धा सोडलं नाही, म्हणून लोक त्यांना मानतही होते. धन्य त्या लोकांची!

सातवीत शाळेने नाव काढलं. चौदाव्या वर्षी कुणाचं तरी डोकं फोडलं म्हणून येरवड्याच्या बालसुधारगृहात महिनाभर ठेवला. सुटला त्या दिवशी काका न्यायला गेले, पण तिथून घरापर्यंत बापलेक एक शब्द बोलले नाहीत. पुढे दोन वर्षांनी तो गेला.

हे सगळं काकांनी मनात पुरून टाकलं होतं. ते वर आलं ते उल्कामुळे.

उल्का दुसरीतली. आठ वर्षांची, काडीसारखी पोर. वडील नोकरीनिमित्त परगावी, आई मंदाकिनीबाई बँकेत. पहिले चार महिने ठीक चाललं, आणि दिवाळीनंतर पोर बिथरली. शाळेचं फाटक आलं की रिक्षाचा दांडा धरून बसायची. सोडवायला जावं तर चावायची. फळीवरच्या मुलांना लाथा, दप्तर रस्त्यावर, आणि तोंडाने असा आरडाओरडा की पानवाला टपरीतून बाहेर यायचा. अर्ध्या तासाने मात्र ज्याला चावली त्याच्याच हातावर फुंकर घालायची. सोमवार आला की पोट दुखायचं.

आणि पुन्हा फाटकाशी चार घरची माणसं. गृहस्थ बदलले होते, बोलणं तेच. "काका, एकतर ती, नाहीतर आमची मुलं."

काकांनी मान डोलावली. उद्यापासून दुसरी सोय बघा, हे सांगायला ते मंदाकिनीबाईंचे तीन जिने चढून गेले. दार उघडलं तर बाई दारातच उभ्या, दंडावर चावल्याच्या खुणा, डोळे सुजलेले. आणि त्यांच्या मागे, सोफ्याच्या खाली, पोरीचे दोन पाय दिसत होते.

काका त्या पायांकडे बघतच राहिले.  "ताई," ते एवढंच म्हणाले, "उद्यापासून मी तिला माझ्याशेजारी पुढे बसवतो."

दोन घरांनी मुलं काढून घेतली. काकांनी काढू दिली.

पुढे बसल्यावर उल्का थोडी निवली. काकांनी एक युक्ती केली. शाळा येण्याआधीच तिला सांगायला लागले, "आता फाटा येईल. आता औषधांचं दुकान. आता आपण हळू होणार." पोर तोंडातल्या तोंडात त्यांच्याबरोबर म्हणायची. रोज नाही, पण तीन दिवसांतून एकदा ती न रडता उतरायची. मग मंदाकिनीबाईंनी कुठून तरी मुलांच्या मनाच्या डॉक्टरीणबाई शोधून काढल्या. तिथे न्यायलाही काकांचीच रिक्षा. काका बाहेर थांबले होते, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी त्यांना आत बोलावलं. "ती रोज तासभर तुमच्याबरोबर असते म्हणे. तुम्हाला काय दिसतं, ते सांगा."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी अमीनकाकांना असं विचारलं होतं. ते खुर्चीच्या टोकावर बसले. डॉक्टरीणबाई एकेक विचारत गेल्या. हे कधीपासून? भडकण्याच्या आधी काय होतं? नंतर तिला वाईट वाटतं का? झोपते का नीट? कुठे लपून बसते का? काका उल्काचं सांगत होते, पण प्रत्येक प्रश्नाला आतून दुसरंच उत्तर येत होतं. हो, लपतो. पलंगाखाली. हो, झोपत नाही. हो, नंतर वाईट वाटतं त्याला.

बाईंनी मंदाकिनीबाईंना समजावून सांगितलं. खोड्या सगळीच मुलं करतात. पण जेव्हा ते महिनोन्‌महिने चालतं, घरी आणि शाळेत दोन्हीकडे चालतं, आणि त्यात त्या मुलाचंच सगळ्यात जास्त नुकसान होतं, तेव्हा ती खोडी नसते. उल्काच्या पोटात भीती आहे, ती रागाच्या तोंडाने बाहेर पडते. दुसऱ्या एखाद्या मुलाचं कारण वेगळं असेल. कुणाला मेंदूचा वेगच आवरत नाही, कुणी आतून दुःखी असतं. हे दुखणं आहे, दुष्टपणा नाही. वेळ लागतो, पण वाट निघते.

काका उठता उठता थांबले. "बाई, आणि अशा पोराला मारलं तर?"

"मारानं मूल गप्प होईल," त्या म्हणाल्या, "बरं नाही होणार."

त्या संध्याकाळी काका जेवले नाहीत. नूरबानूला म्हणाले, "रज्जाक वाईट नव्हता गं. आजारी होता. माझं पोर आजारी होतं आणि मी त्याला रस्त्यावर उतरवलं." आणि पन्नाशी उलटलेला तो माणूस बायकोच्या पदरात तोंड खुपसून हुंदके देऊन रडला. नूरबानूने डोक्यावरून हात फिरवला नाही, की त्यांना दूरही केलं नाही.

रविवारी ते एकटेच हडपसरला गेले. शेड शोधायला फार वेळ लागला नाही. रज्जाकने डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला, बापाला ओळखलं, आणि हातातलं काम पुरं करून मगच उठला. पंचविशीचा झाला होता, पण कानाजवळचे केस पांढरे. त्याने चहा मागवला. घरात हे लोक दखनीत बोलायचे, पण आपण ते मराठीतच ऐकू.

काकांनी घरून जुळवून आणलेलं सगळं एका दमात सांगून टाकलं. उल्काचं, डॉक्टरीणबाईंचं, त्या प्रश्नांचं. "बेटा, तू वाईट नव्हतास. तुला आजार होता. मला कळलं नाही. कुणाला कळलं नाही त्या वेळी. माझं चुकलं. तू घरी चल."

रज्जाक चहाचा ग्लास हातात फिरवत ऐकत होता. चिडला नाही. काका त्या रागाच्या तयारीने आले होते, तो आलाच नाही.

"कुणाला कळलं नाही असं नाही," तो सावकाश म्हणाला. "मला कळलं होतं. मी तुम्हाला सांगितलं होतं, अब्बा."

"काय सांगितलं होतंस?"

"तिसरीत होतो. दिवा फोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी. तुमचा हात धरला आणि म्हणालो, अब्बा, माझ्या डोक्यात काहीतरी होतं, ते मला थांबवता येत नाही. मला दवाखान्यात न्या."

काका पुढे सरकले. "मग मी काय म्हणालो?"

"जाऊ द्या."

"नाही, सांग. काय म्हणालो मी?"

"जाऊ द्या अब्बा. अम्मीला सलाम सांगा. येईन कधीतरी." त्याने चष्मा खाली ओढला, आणि ठिणग्या उडायला लागल्या तशी काकांना मान फिरवावी लागली.

घरी आले तेव्हा नूरबानू दारातच होती. एकटे आलेले पाहून तिने नुसतं पाणी दिलं. काकांनी भांडं खाली ठेवलं. "तो म्हणतो, लहानपणी त्यानं मला सांगितलं होतं, दवाखान्यात न्या म्हणून. असं कधी झालं होतं का गं? तुला आठवतं?"

"आठवतं ना," नूरबानू म्हणाली. "या इथेच उभा होता. अंगावर वळ होते."

"मी काय म्हणालो?"

तिने खाली ठेवलेलं भांडं उचललं. मग म्हणाली, "तुम्ही काही म्हणाला नाहीत. हसलात. मला हाक मारून म्हणालात, ऐकलंस का, साहेबांना डॉक्टर पाहिजे. आणि मीही हसले."

अमीनकाका पुष्कळ वेळ भिंतीला टेकून बसले. ती संध्याकाळ, पोराचा हात, स्वतःचं हसणं, काही म्हणून त्यांना आठवेना.