परत आलेली पाकिटं

वसईच्या थॉमस तुस्कानोला एकच लेक, एलेन. शाळेच्या दाखल्यापासून पासपोर्टपर्यंत तिच्या नावापुढे बापाचं नाव होतं, आपल्याकडे असतं तसं. परदेशात, विंडसरला नर्सची नोकरी करताना तिनं स्कॉटिश घराण्यातल्या कॉलिन मॅकटॅविशशी लग्न केलं आणि नव्या कागदांवरून ते नाव गेलं. थॉमस फोनवर एवढंच म्हणाला, "मला पोरगा नव्हताच, आता पोरगीही नाही. माझं नाव पुसलंस तू."

माणसानं हट्टी असावं, पण किती! दर नाताळला एलेन पत्र धाडायची. पाकिटामागे 'एलेन मॅकटॅविश' वाचलं की तो ते न फोडताच पोस्टमनच्या हातात परत द्यायचा. अशी नऊ पाकिटं परत आली. दहाव्या नाताळाआधी तो गेला.

यंदा कॉलिनच्या म्हाताऱ्या आत्यानं चहा पिता पिता सहज सांगितलं, "मॅक म्हणजे मुलगा. आणि टॅविश म्हणजे आमच्या जुन्या स्कॉटिश भाषेतला, गेलिकमधला थॉमस. थॉमसचा मुलगा, झालं!"

एलेनचा कप हातातच राहिला. इतकी वर्षं हे नाव लावलं, पण त्याचा अर्थ विचारायचं कधी सुचलंच नव्हतं.

घरी येताच तिनं बेसमेंटमधून ती पाकिटं आणली आणि टेबलावर पालथी मांडली. नऊच्या नऊ पाकिटांमागे, तिच्याच अक्षरात, पप्पांचं नाव होतं. त्यांनी ते नऊ वेळा वाचलं होतं आणि नऊ वेळा परत पाठवलं होतं.