तिसरी ओळ

प्राकृत घेऊन एम.ए. करणारी मुलगी म्हणजे दापोडीच्या आमच्या चाळीला फुकटची करमणूक होती. "मेलेल्या माणसांची भाषा शिकते म्हणे," असं शेजारच्या काकू माझ्या तोंडावर म्हणायच्या. मी कसली गप्प बसतेय! "जिवंत माणसं जरा बरं बोलली असती तर कशाला शिकले असते?" असं म्हणून मोकळी व्हायचे. आई कपाळाला हात लावायची. वडील रेल्वेत होते, फार बोलत नसत. पण त्यांनी एक अट घातली होती. दिवाळीपर्यंत प्रबंधाचं काम मार्गी लागून शिष्यवृत्ती मिळाली तर पुढं शिकायचं. नाहीतर पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागलेल्या एका मुलाचं स्थळ आलं होतं, त्याला होकार द्यायचा. एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. एवढं ऐकून घेणारा बाप मिळाला हेच नशीब समज, असं सगळे मला ऐकवायचे.

माझा सगळा प्रबंध एका दगडावर उभा होता. चिंचवड स्टेशनला उतरून पवनेच्या काठानं बरंच चाललं की एक लहानशी वस्ती लागायची. तिथल्या शेताच्या बांधात तो काळा दगड अर्धा गाडलेला होता. वरच्या भागावर ब्राह्मी लिपीतल्या दोन ओळी होत्या. कुणा बाईनं दिलेल्या दानाचा लेख. पहिल्या ओळीत ती कुणाची बायको ते लिहिलं होतं, दुसऱ्या ओळीत कुणाची आई ते. तिचं स्वतःचं नाव आणि तिनं काय दान दिलं, हे तिसऱ्या ओळीत असणार होतं. आणि त्या ओळीतल्या अक्षरांची नुसती डोकी मातीतून वर दिसत होती. प्रबंधाला मार्गदर्शन करणाऱ्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "तिसरी ओळ आणा, शिष्यवृत्तीसाठी मी भांडतो. तिच्याशिवाय यात काही नाही." शेताचे मालक म्हणाले, आत्ता उकरलं तर पावसात बांध फुटंल, पाऊसकाळ सरू द्या, मग काढू. मी थांबले. त्या बाईचं नाव वाचणारी इतक्या शतकांतली पहिली मी असणार, या विचारानं मला झोप लागत नसे, खरंच सांगते.

तोवर मी वरच्या दोन ओळींचे ठसे घेत होते. त्यासाठी दगड नारळाच्या शेंडीनं घासून धुवायचा, तांब्यानं पाणी ओतायचं, ओला कागद चिकटवायचा, कुंच्यानं हलके हलके ठोकायचा आणि मग कापडाच्या बोळ्यानं वर काळी शाई लावायची. गवताचे भारे घेऊन जाणाऱ्या बायका थांबून बघायच्या आणि चक्क हात जोडायच्या.

"लगीन जमंना व्हय गं?" एकीनं विचारलं.

"लग्न नको म्हणून तर चाललंय हे सगळं!" मी फणकारले. त्या पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. मग मी बैजवार समजावलं, की हा देव नाही, हा लेख आहे, यात एका बाईचं नाव आहे.

मालकांची म्हातारी आई शांतपणे म्हणाली, "बाईचंच हाय न्हवं? मग देवीच की."

डोंबल! मी कागद गुंडाळले आणि गाडी पकडली.

मग पावसानं वाट बंद केली. दसरा झाला, चिखल वाळला, तशी मी गेले. लांबूनच दिसलं, दगड बांधात नव्हता. नव्या चौथऱ्यावर उभा होता, पूर्ण, झेंडूच्या माळेसकट. काढला की हो यांनी! मी बांधावरून अक्षरशः पळत सुटले.

जवळ गेले आणि बघितलं. गावात जाती-पाटे टाकवायला, म्हणजे छिन्नीनं ठोकून खरबरीत करायला, पाथरवट येतो, त्याच्याकडून घटस्थापनेआधी त्यांनी दगड टाकवून घेतला होता. वरपासून खालपर्यंत टाकीचे ताजे खड्डे, मधोमध दोन डोळे, नाक, तोंड, आणि सगळ्यावर शेंदूर. मी माळ बाजूला केली, नखांनी शेंदूर खरवडला. पहिली ओळ नाही, दुसरी नाही, तिसरीच्या जागी देवीची हनुवटी. नव्या पाट्यासारखा दगड सगळीकडून सारखा झाला होता.

बायका जमल्या. सगळ्यांचे चेहरे कसे फुललेले! "तुज्यासाटीच केलं गं," म्हातारी म्हणाली. "देवीला आर्धी पुरून ठिवल्यावर ती तुला पावंल कशी?"

यांच्यावर चिडायचं तरी कुठल्या तोंडानं? आमच्या चाळीत माझ्या शिक्षणासाठी कुणी इकडची काडी तिकडं केली नव्हती. इथं परक्या बायकांनी माझ्यासाठी दगड उकरून काढला होता. मी मटकन खाली बसले. आधी नुसती रडत होते, मग ओरडायला लागले, ते आवरेना. केस सुटले, मी चौथऱ्यावर हात आपटत राहिले. माझं शिकणं संपलं, हे त्या क्षणी मला लख्ख कळत होतं आणि ते सहन होत नव्हतं.

"आंगात आलं!" कुणीतरी म्हणालं. एकीनं उदबत्त्या लावल्या, एकीनं मला मागून धरलं. म्हातारी हात जोडून माझ्यासमोर बसली आणि अंगात आलेल्या बाईला विचारतात तसं तिनं मला हळूच विचारलं, "आई, कोन तू? नाव सांग."

"मला ठाऊक नाही!" मी किंचाळले. "नवऱ्याचं ठाऊक आहे, लेकाचं ठाऊक आहे. तिचं नाही. आता कुणालाच कळायचं नाही!"

म्हातारीनं समजल्यासारखी मान हलवली आणि माझ्या कपाळावर कुंकवाचा मळवट भरला. मार्गशीर्षात माझं लग्न झालं.