शंकाबाईंच्या फळीवरची पुडी

त्या इस्पितळाच्या तळघरात धुलाईघर होतं आणि त्या धुलाईघरात निवडीच्या टेबलावर शंकाबाई एकवीस वर्षं बसत होत्या. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण त्या नावाने हाक मारली तर त्या आधी मागे वळून बघायच्या, की ही कोणाला बोलावतेय आणि का. शंकाबाई हे नाव कोणी ठेवलं तेही त्यांनी शोधून काढायचा प्रयत्न केला होता. संशयित चार होते, पुरावा एकाच्याही विरुद्ध मिळाला नाही.

कामही तसंच होतं म्हणा. धुऊन, वाळून, इस्त्रीच्या तापल्या रुळांतून निघालेल्या चादरी त्यांच्या पुढ्यात ढिगाने येत. प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यात रंगीत दोऱ्याने घातलेली नखाएवढी खूण. लाल शस्त्रक्रियेची, हिरवी लहान मुलांची, निळी बाळंतिणींची, तपकिरी म्हाताऱ्यांची, जांभळी भाजलेल्यांची, केशरी साथीच्या रुग्णांची. खूण बघायची आणि त्या वॉर्डच्या कप्प्यात चादर टाकायची. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण भाजलेल्यांना जुनी, मऊ पडलेलीच चादर लागते. तिथे नवी खरखरीत गेली की माणूस कण्हत पडतो. साथीच्या वॉर्डची चादर बाळंतिणींकडे गेलेली चालत नाही, मग ती कितीही उकळून काढलेली असो. शंकाबाई म्हणून तर डोळ्यांत तेल घालून बसत.

आणि नेमकं तिथेच पाणी मुरत होतं. गेल्या वर्षभरात त्यांच्या डोळ्यांतून रंग निघून चालले होते. दिसायचं सगळं, माणसं, पायऱ्या, घड्याळ. पण लाल आणि निळा सोडला तर बाकीचे चारही रंग त्यांना एकच दिसत, धुवून धुवून विटलेल्या पडद्यासारखे. आपल्या इस्पितळातला डॉक्टर बोलून जाईल या भीतीने त्या शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. तो म्हणाला, याला औषध नाही, आहे ते जपा. पेन्शनला सव्वादोन वर्षं होती. नवरा पाठीच्या दुखण्याने घरी बसलेला. आणि रंग न ओळखणाऱ्या माणसाला निवडीच्या टेबलावर ठेवायचं नाही, हा नियम धुलाईघरात होता. कळस म्हणजे हा नियम शंकाबाईंनीच बारा वर्षांपूर्वी एका सहकारिणीवर संशय घेऊन करायला लावला होता.

मग त्या अंदाजाने भागवत. कापड किती झिजलंय, कुठल्या ढिगातून आलंय, साबणाचा वास किती उग्र आहे. अगदीच अडलं तर रुळावरच्या प्रेसवाल्याला म्हणत, बघ रे, तुला तरी ओळखता येतं का, तुझी परीक्षा घेते. प्रेसवाला बिचारा दरवेळी उत्साहाने परीक्षा द्यायचा आणि पास व्हायचा. नवऱ्यालासुद्धा त्यांनी ताकास तूर लागू दिली नव्हती.

ज्याला स्वतःचं काही लपवायचं असतं त्याला सगळं जग काहीतरी लपवतंय असं वाटतं. शंकाबाईंना ते आधीपासूनच वाटायचं, आता दुप्पट वाटू लागलं. त्यांची सगळ्यात जुनी संशयित म्हणजे रफूवाली. ही चाळिशीतली, अबोल बाई, मागच्या खोलीत बसून फाटक्या चादरी शिवायची आणि खुणा घालायची. ही दोरा घरी नेते, असं शंकाबाईंनी अकरा वर्षांपूर्वी ठरवून टाकलं होतं. एकदा तक्रारही केली होती. त्यावर रफूवालीला लेखी ताकीद मिळाली आणि दोघींचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

या डिसेंबरात कोठीच्या बाईने सहज सांगितलं, की सप्टेंबरपासून रंगीत दोरा भलताच संपतोय. शंकाबाईंचे कान टवकारले. त्यांनी चादरींवरच्या खुणा नाकाला लावून पाहिल्या. रंग समजले नाहीत, पण टाके पूर्वीपेक्षा जाड दिसले. त्यांनी लगेच वर मोठ्या बाईंकडे लिहून दिलं: दोरा विनाकारण वाया जातो आहे, बहुधा बाहेरही जातो आहे, चौकशी व्हावी. मोठ्या बाई म्हणजे धुलाईघराच्या प्रमुख. त्यांनी चौकशी ठेवली नाताळच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनला. दुसरी ताकीद म्हणजे नोकरी गेली, हे सगळ्यांना माहीत होतं. शंकाबाई त्या दिवशी घरी जाताना चक्क गुणगुणत गेल्या.

आता नाताळचं सांगायला हवं. धुलाईघरात डिसेंबर लागला की सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या साबणाच्या रिकाम्या डब्यात टाकत. ज्याला ज्याची चिठ्ठी येईल त्याने त्याला भेट द्यायची. नियम दोन. भेट एका पावाच्या किमतीपेक्षा महाग नको, नाहीतर स्वतःच्या हाताने केलेली असावी. आणि दिली कोणी ते सांगायचं नाही; नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी गुपचूप ज्याच्या त्याच्या फळीवर ठेवायची. बाकीच्यांना यात गंमत वाटे. शंकाबाईंना मात्र ही सरळसरळ हेरगिरी वाटे. एका वर्षी त्यांना बुटात घालायचे जाड लोकरी नमद्याचे तळवे मिळाले होते, अगदी बरोब्बर मापाचे. आठवडाभर त्या विचारत हिंडत होत्या, की माझ्या पायाचं माप कोणी आणि कधी घेतलं. तळवे मात्र वापरत होत्या. स्वतः त्या दरवर्षी ज्याची चिठ्ठी येईल त्याला साबणाची वडी देत, म्हणजे कोणाला काही वावगं शोधायला जागा नको.

या वर्षी त्यांच्या फळीवर वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली पुडी होती. त्यांनी ती आधी हलवून पाहिली, मग हुंगली, मग उघडली. आत चादरीच्या कापडाची वीतभर पट्टी. पट्टीवर ओळीने सहा खुणा, सहा वॉर्डांच्या. चिठ्ठी नाही, चपाटी नाही.

शंकाबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. सहामधल्या दोन त्यांना ओळखता आल्या. उरलेल्या चार एकसारख्या मळकट. म्हणजे कोणाला तरी कळलं होतं. कळलं होतं आणि तो माणूस त्यांना खिजवत होता, की सांगा बरं, कुठला रंग कुठला. त्यांनी पट्टी झटकन एप्रनच्या खिशात कोंबली आणि सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. सगळे आपापल्या पुड्या उघडून हसत होते. हसणं जरा जास्तच मोकळं वाटलं त्यांना.

प्रेसवाला असेल का? परीक्षा देऊन देऊन त्याला वास लागला असणार. की घडी करणारी ती नवी? तिचा डोळा या टेबलावर आहे हे शेंबडं पोरही सांगेल. की खुद्द मोठ्या बाई? दुपारी चौकशी दोऱ्याची आणि धरायचं मला, असा तर डाव नाही? शंकाबाईंनी त्या सकाळी प्रेसवाल्याची परीक्षा घेतली नाही, नव्या बाईला सुप्रभात म्हटलं नाही, आणि चहा स्वतःचा स्वतः ओतून घेतला.

पण हात काही गप्प बसेना. चादर घेताना उजवा हात, आणि मधल्या वेळात डावा हात खिशात, पट्टीवर. बोट आपलं पुढेमागे फिरत होतं, चिंतेने. अकराच्या सुमाराला त्या बोटाला जाणवलं, की पहिली खूण खडबडीत आहे, मोहरीएवढ्या गाठींची. दुसरी गुळगुळीत पट्टा. तिसरी फुली. चौथ्या खुणेला मधे खळगा. पाचवी साखळीसारखी, सहावीला दोन उभ्या रेघा. लाल आणि निळी कोणत्या जागी आहेत ते त्यांना सकाळी दिसलंच होतं. त्यावरून बाकीच्या ओळीत कशा लावल्यात तेही उघड होतं: टेबलापुढच्या कप्प्यांच्या क्रमाने, डावीकडून उजवीकडे.

त्यांनी ढिगातली वरची चादर ओढली आणि कोपऱ्यावर अंगठा ठेवला. गाठी. त्यांनी डोळे मिटून दुसरी ओढली. फुली. मग प्रेसवाल्याला हाक मारून विचारलं, ही कोणाची रे. तो म्हणाला, लहान मुलांची, हिरवी. पट्टीवर तिसरी खूण, तिसरा कप्पा लहान मुलांचाच. शंकाबाईंनी आणखी वीसेक चादरी अशाच पाहिल्या. एकही चुकली नाही.

आणि मग त्यांच्या डोक्यात सगळं एकदम जुळलं, आणि जुळलं ते बरं नाही वाटलं. पट्टी कोणीही शिवली असती. पण शेकडो चादरींवरच्या खुणा उसवून, प्रत्येक वॉर्डला वेगळा टाका घालून, त्या पुन्हा शिवायच्या, हे काम इमारतीत एकच बाई करू शकत होती. सप्टेंबरपासून दोरा गेला होता तो इथे गेला होता, त्यांच्या अंगठ्याखाली. आणि दुपारी तीनला त्या दोऱ्यापायी तिची नोकरी जाणार होती, शंकाबाईंच्या सहीने.

अडीच वाजता त्या मागच्या खोलीत गेल्या. रफूवाली वर जायला निघतच होती, सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं अंगुस्तान काढून ठेवत होती. शंकाबाई दारात उभ्या राहिल्या. अकरा वर्षांनी तोंड उघडायचं म्हणजे सुरुवात कुठून करायची, तेच त्यांना समजेना.

"कधीपासून माहीत आहे तुला?" त्यांनी विचारलं.

"ऑगस्टपासून," रफूवाली म्हणाली. "भाजलेल्यांच्या मऊ चादरी तुम्ही म्हाताऱ्यांकडे पाठवल्या होत्या, आणि म्हाताऱ्यांच्या भाजलेल्यांकडे. मी जाऊन बदलून आणल्या."

"मग वर का नाही सांगितलंस? माझा काटा निघाला असता."

रफूवालीने खांदे उडवले. शंकाबाईंना ते उत्तर पुरेना. फुकट कोण कोणासाठी बोटं झिजवतं? त्यांनी सरळच विचारलं, की तुझा यात फायदा काय, आणि चिठ्ठी तर आत्ता तीन आठवड्यांपूर्वी निघाली, टाके सप्टेंबरपासूनचे कसे.

"तुमची चिठ्ठी दरवर्षी मीच घेते," रफूवाली म्हणाली. "ज्याला येते तो बदलून मागतो. तुम्हाला काही द्यायचं म्हणजे वर्षभर चौकशी मागे लागते, कोणाला नको असतं ते. मग मी म्हणते, आणा इकडे."

हे तिने टोचून नव्हतं म्हटलं. आज बाहेर थंडी आहे असं सांगावं तसं सांगितलं, आणि म्हणूनच ते शंकाबाईंना जास्त लागलं. एकवीस वर्षं त्या कोण आपल्यावर पाळत ठेवतंय ते शोधत होत्या. कोणी ठेवतच नव्हतं. लोक त्यांचं नाव निघालं की चिठ्ठी दुसऱ्याच्या हातात देऊन मोकळे होत होते.

वर काय सांगणार आहेस, असं त्यांनी विचारलं. रफूवाली म्हणाली, सांगेन टाका बदलून बघितला, दोरा वाया गेला, चूक झाली. ताकीद देऊन घरी पाठवतात की नुसतं बोलून सोडतात, बघू. तुमचं नाव येणार नाही. एवढं बोलून ती जिन्याकडे गेलीसुद्धा.

शंकाबाई तिच्या मागोमाग निघाल्या. जिन्यात, चौथ्या-पाचव्या पायरीवर, त्यांच्या मनात पाल चुकचुकलीच. हा सापळा असेल तर? मीच वर जाऊन माझ्या तोंडाने कबूल करावं, म्हणून तर ही एवढी गोड बोलली नसेल? मी नुसती खाली थांबले तर मला काही होत नाही. सव्वादोन वर्षं, अंगठ्याच्या भरवशावर, सहज निघतील. त्या कठडा धरून थांबल्या. खिशातल्या पट्टीवर बोट गेलं. टाका असा बसवला होता, की उसवायचा म्हटलं तर कापड फाटेल. सापळ्यासाठी कोणी एवढं पक्कं शिवत नाही, हे कळण्याइतपत शिवणकाम शंकाबाईंना येत होतं. त्या शिव्या घालत वर चढल्या, कोणाला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

मोठ्या बाईंसमोर रफूवाली उभी होती आणि तक्रारीचा कागद टेबलावर होता. कोणी बसा म्हणायचीही शंकाबाईंनी वाट पाहिली नाही. "दोरा माझ्यासाठी गेला," त्या म्हणाल्या. "मला रंग दिसत नाहीत. वर्ष झालं. हिने खुणा बोटाला कळतील अशा केल्या. तक्रार खोटी आहे, ती मी परत घेते."

मोठ्या बाईंनी तक्रार पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी कागद फाडला. पण नियम नियम होता, आणि करायला लावला कोणी तेही त्यांना आठवत होतं. नव्या वर्षापासून शंकाबाई घडीच्या टेबलावर, एक पायरी खाली. निवडीच्या टेबलावर ती नवी घडीवाली. टाके मात्र असेच राहू देत, मोठ्या बाई म्हणाल्या, अंधार्‍या तळघरात कोणालाही उपयोगी आहेत. निदान नोकरी राहिली, पेन्शन राहिली. शंकाबाईंनी मान हलवली आणि दोघी बाहेर आल्या.

बाहेर येताच रफूवाली भडकली. अकरा वर्षांत तिचा आवाज कोणी चढलेला ऐकला नव्हता, तो जिनाभर घुमला. कोणी सांगितलं होतं तुम्हाला तोंड उघडायला, ती म्हणाली, सगळं बसवलं होतं मी, दिलेली वस्तू अशी टाकून देतात का. तिने दोन्ही हात पुढे केले. बोटांची टोकं सुईने चाळणी झालेली होती.

"चार महिने ही बोटं फोडून घेतली मी," ती म्हणाली. "कोणासाठी?"

शंकाबाईंनी त्या बोटांकडे पाहिलं. यात काय काळंबेरं आहे, ते शोधायला त्यांचं मन सवयीने पुढे झालं आणि काही न सापडून परत आलं.

"माझ्यासाठी," त्या म्हणाल्या, आणि पायरीवरच बसून रडायला लागल्या.