संसारी नदीचा काठ

“पाणी सोडून दे, काठ पाह्य,” असं म्हणत काका करंगळी हवेत वाकवायचे, की झालं नदीचं वळण काढून! रेल्वेच्या पुलांच्या देखरेखीत त्यांचा उभा जन्म गेला. निवृत्तीनंतर ते जुनवानीत आमच्या शेजारी राहायला आले, पण नद्या काही डोक्यातून गेल्या नाहीत.

माझी मुलगी एकदा शाळेचा धडा घोकत होती. बारमाही नद्या, हंगामी नद्या. काकांनी मान हलवली.

“हे पाण्याचं झालं, बेटा. सोभावाचं कोन सांगन? जवान नदी दगडातून धावते, खाली खणत जाते. संसारी नदी वळणं घेते, एका काठाचं खाते अन् दुसऱ्याले वाढते. म्हातारी पसरून बसते, आणलेली रेती टाकून देते.”

पोरीनं तेच वहीत लिहिलं आणि मास्तरांचा लाल शेरा खाल्ला. काका खूश! “मास्तर पुलावर उभा नसन राहिला कधी.”

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, आणि हसून सोडून दिला असेल. मीही तेच करत होतो.

मग शिवनाथ नदीच्या वळणावर मी घरासाठी जागा पसंत केली. सारा संसार क्वार्टरमध्ये केलेल्या बायकोला स्वतःचं अंगण हवं होतं. मोठ्या हौसेनं काकांना दाखवायला नेलं. त्यांनी काठावर उघड्या पडलेल्या बाभळीच्या मुळांना हात लावला.

“नोको घेऊ. हा तिचा खायचा काठ हाये. घ्यायचं तं समोरच्या काठावर घे.”

“काका, इथं कधी पूर आलेला नाही!”

“पुराचं कोन बोलून राहिलं?”

मी भडकलो. म्हणालो, “पूल सांभाळले म्हणून नदी तुमच्या मालकीची नाही झाली!” काकांनी काठापासून पाच पावलं मोजली आणि पिशवीतला रुळाचा जुना खिळा तिथं ठोकला.

“पावसाळा जाऊ दे. मंग मोजजो.”

व्यवहार मी थांबवला, पण राग धरून बसलो. समोर आले तरी जयभीम घालत नव्हतो. भर पावसाळ्यात काका गेले. मी खांदा दिला. बोलायचं मात्र राहूनच गेलं, आणि त्याची मला अजून लाज वाटते.

पावसाळ्यानंतर जाऊन मोजलं. तीनच पावलं उरली होती.

आम्ही घर समोरच्या काठावर, वर चढावर बांधलं. यंदा बायकोला घेऊन पुन्हा त्या वळणावर गेलो. बाभूळ नव्हती, खिळाही नव्हता. बायको पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली, “आपला सैपाक तिथं झाला असता नं?”

मी करंगळी वाकवली आणि मोठ्यानं म्हटलं, “जयभीम, काका.”