पोचायच्या आधीच बारसं

हे मी कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही, आणि ज्या मॅडमनी मला हाताला धरून कॉम्प्युटर शिकवला त्यांच्यापाशी तर मुळीच नाही. आज सांगते. जरा गोलगोल फिरेन, पण शेवटी तिथंच येणार आहे.

मी यवतमाळकडची. आठवीत शाळा सुटली, लग्न करून केडगावला आले. पुणे रोडला एक एक्स-रे सेंटर आहे, तिथं आधी फरशी पुसायला लागले. दोन महिन्यांत मॅडमनी माऊस हातात दिला. इतक्या लांबून आलेल्या, आठवी शिकलेल्या बाईवर कोण एवढा भरवसा टाकतं? त्यांनी टाकला.

आमचं काम असं — एक्स-रे इथं निघतो, पण वाचणारे डॉक्टर पुण्यात. म्हणून प्रत्येक पेशंटच्या फिल्म त्यांच्या सर्व्हरवर पाठवायच्या. यात एक गोम आहे. फाईल इथून निघाली की लगेच तिचं नाव तिकडं दिसायला लागतं. नवख्याला वाटतं, पोचली. पण नाव दिसलं म्हणजे पोचली असं नसतं; आत अर्धीच असते. म्हणून मॅडमनी पद्धत लावली होती. फोल्डर आधी 'कच्चं' या नावानं चढवायचं. सगळ्या फिल्म गेल्या, इकडचा आकडा तिकडच्या आकड्याशी जुळला, की मगच पेशंटचं नाव द्यायचं. पुण्याचं कॉम्प्युटर 'कच्चं'ला हात लावत नाही. खरं नाव दिसलं की उचलतं आणि आत असेल तेवढं डॉक्टरांपुढं ठेवतं. या नाव देण्याला आम्ही बारसं म्हणायचो. दिवसभर तेच — अगं, त्या गुडघ्याचं बारसं झालं का? पेशंट दचकून बघायचे.

हे काम मला येतं. आज येतं आणि तेव्हाही येत होतं. आधीच सांगून ठेवते, म्हणजे 'बिचारीला कळलं नसेल' असं तुम्ही म्हणायला नको.

त्या आठवड्यात सेंटरला एक डिप्लोमा झालेली मुलगी लागली होती. तिनं माझं काही वाईट केलं नाही. धास्ती मलाच — माझी खुर्ची जाते की काय. मी हात भराभर चालवायला लागले. दुपारी हिवरे बाजारच्या एक आजी आल्या, हौसाबाई. धार काढून उठताना गोठ्यात पाय सरकला होता. मनगट, गुडघा, खुबा — तीन फिल्म. चालत होत्या, लंगडत, लेकाच्या खांद्याला धरून. लेक सारखा काचेपाशी येऊन विचारायचा, गेलं का ताई, गेलं का. मनगट गेलं. गुडघा गेला. खुबा अर्ध्यावर अडकला. नेट रेंगाळत होतं. ती मुलगी माझ्या पडद्याकडं बघत होती. मी —

मी नाव दिलं.

फिल्म चढत असताना फोल्डरचं नाव बदललं की आतली फाईल तुटते. माहीत होतं मला. वाटलं, जाईल. खरंच वाटलं? की वाटून घेतलं?

थोड्या वेळात रिपोर्ट आला. मनगट ठीक, गुडघा ठीक. खुब्याबद्दल अवाक्षर नाही. प्रिंट मीच काढून लेकाच्या हातात दिली. काही मोडलं नाही, या समाधानात ते दोघं गेले.

संध्याकाळी आवरताना यादीत लाल ओळ दिसली — तिसरी फाईल अपूर्ण. रजिस्टरात लेकाचा नंबर होता. आजींना चालू देऊ नका, एक फिल्म वाचायची राहिलीय — एवढं एक वाक्य. मी फोन केला नाही. मी ती फिल्म गुपचूप परत चढवली, त्याच फोल्डरमध्ये. एकदा उचललेलं फोल्डर पुण्याचं कॉम्प्युटर परत उघडत नाही, हेही मला माहीत होतं. कुणी वाचावी म्हणून नाही पाठवली मी ती. कुणी मोजल्या तर तीन भराव्यात, म्हणून पाठवली.

दुपारचं एक वेळ घाई म्हणा. हे काय म्हणाल?

चार दिवसांनी आजींना उचलून आणलं. खुब्याला बारीक चीर होती. चालून चालून हाड सरकलं होतं. ऑपरेशन करावं लागलं. लेक सेंटरवर भांडायला आला. मॅडमनी त्याच्यादेखत सर्व्हर उघडला, तिन्ही फिल्म दाखवल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"माझी माणसं काम अर्धं सोडत नाहीत," म्हणाल्या.

फाईलशेजारी ती कधी चढली ती वेळही लिहिलेली असते. कुणी वाचली नाही. मी मात्र तेवढीच वाचत होते. मग मॅडम फोनवर पुण्याच्या डॉक्टरांना नको ते बोलल्या. ते सांगत राहिले, माझ्यापुढं दोनच आल्या. आमचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. खरं बोलणारा तो एकच माणूस होता, आणि त्याला खोटं पाडणारा पुरावा मी तयार केलेला होता.

माझी खुर्ची राहिली. ती मुलगी माझ्या हाताखाली आली. आकडे कसे जुळवायचे ते मी तिला शिकवते. चांगलं शिकवते.

उन्हाळ्यात आजी परत आल्या, पुढच्या फिल्मसाठी. वॉकर धरून. धार आता सून काढते म्हणाल्या, खाली बसताच येत नाही. मी त्यांना टेबलावर झोपवलं, पाय सरळ करून दिला. त्यांनी माझा हात धरला.

"तू त्या दिशी लई मायेनं केलं हुतंस, पोरी. त्या पुन्याच्या डाक्टरनंच माझा घात केला. व्हय ना?"

खोलीत आम्ही दोघीच होतो. मॅडम बाहेर, लेक बाहेर. दार लावलेलं. 'नाही आजी, मी केला' — एवढेच शब्द लागणार होते.

मी "व्हय" म्हणाले. त्यांच्याच बोलीत. मग हलू नका असं सांगून खोलीबाहेर आले.