इनबॉक्सात पोचलेली जाहिरात

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. आणि सांगायला बसलो तरी आधी आठवतो तो आनंदच — लाज मागून येते. विचित्र वाटेल तुम्हाला, पण तसंच आहे.

सोलापूरहून मी चेन्नईला आलो ते साल दोन हजार सहा असावं. गिंडीत, एका लेथच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. काम एकच — दुकानांच्या, कंपन्यांच्या वतीनं हजारो लोकांना एकदम मेल पाठवायचे आणि ते स्पॅममध्ये जाऊ द्यायचे नाहीत. रुक्ष वाटतं ना? पण खरं सांगू — त्यात नशा होती! चाचणीसाठी आम्ही दहा खाती उघडून ठेवलेली. मेल सोडला की एकेक बघायचं. स्पॅम… स्पॅम… आणि मग इनबॉक्स! अंगावर काटा यायचा.

ही विद्या मला शिकवली वासंती अक्कांनी. घराणं तंजावरचं, मराठी जुनी, सूर तमिळ. वेस्ट मांबलमहून यायच्या, माझ्यासाठी जास्तीचा दहीभात आणायच्या. त्या सांगायच्या, मेल कंपन्या मजकूर नंतर, आधी पाठवणाऱ्याची पत बघतात. म्हणून सर्व्हर दोन. एकावरून जाहिराती. दुसऱ्यावरून फक्त लोक ज्यांची वाट बघतात ती पत्रं. तो दुसरा अक्कांनी तीन महिने, रोज थोडे थोडे मेल वाढवत, नावारूपाला आणला होता. पासवर्ड त्यांच्याकडेच, दुसऱ्याला द्यायला मनाई.

एका दुपारी मुलीला ताप आला म्हणून त्या घाईनं निघाल्या. संध्याकाळी काही पत्रं जायची होती, म्हणून पासवर्ड मला सांगून गेल्या. माझ्याकडे होती एका साडीच्या दुकानाची दिवाळीची जाहिरात — सकाळपासून स्पॅममध्ये आपटत होती. पुढे काय झालं, ओळखलंत ना?

मी ती अक्कांच्या सर्व्हरवरून सोडली. ‘आम्हाला पाठवू नका’ म्हणून कळवलेल्यांची नावंसुद्धा गाळली नाहीत. दहाच्या दहा खाती — इनबॉक्स! मी एकटाच हसत होतो. दुकानदार खूश, मालक खूश.

चारच दिवस. वैतागलेल्या लोकांनी जाहिरातीवर ‘स्पॅम’चं बटण दाबलं होतं, आणि सर्व्हरची पत गेली. त्याच सर्व्हरवरून एका कारखान्यानं नोकरीच्या मुलाखतीची बोलावणी पाठवली. ती स्पॅममध्ये पडली. कित्येकांना मुलाखत होऊन गेल्यावर कळलं.

मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. जाहिरात तिथून गेली कशी, विचारलं.

मी म्हणालो, “पासवर्ड अक्कांकडे असतो, सर. मी मजकूर त्यांना दिला होता. निघताना त्यांनीच मेल आपोआप जायची वेळ लावून ठेवली असणार.”

किती सहज आलं ते तोंडातून! आधी ठरवलं होतं का? नाही. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं — थांबल्या. मी काही बोलेन म्हणून असेल. मग म्हणाल्या, “पासवर्ड माझ्याकडं होता. चूक माझी.”

मुलाखत हुकलेल्या प्रत्येकाला फोन करायचं काम त्यांना मिळालं. आठवडाभर त्या तमिळमध्ये माफी मागत होत्या. मी शेजारच्याच टेबलावर. पलीकडून कुणी रडलं तरी त्या फोन ठेवायच्या नाहीत. पोंगलनंतर त्यांनी नोकरी सोडली. त्यांचं पद मला मिळालं. नवा सर्व्हर मी त्यांच्याच पद्धतीनं उभा केला — आणि पहिला मेल इनबॉक्सात पोचला तेव्हा आनंद झाला. पूर्वीइतकाच.

दोनेक वर्षांनी एग्मोर स्टेशनवर त्या दिसल्या, सोबत मुलगी. त्यांनी मला ओळखलं, हात वर केला. मी मोबाइल कानाला लावला — फोन आलेलाच नव्हता — आणि बोलत बोलत उलट दिशेला चालू लागलो.