चाचाजवळ बसायचं वर्ष

महाराजांच्या कारकिर्दीत मी कोल्हापुरात एम.ए.चा अभ्यास करत होतो. विषय मानसशास्त्र, तेव्हा तो तत्त्वज्ञानातच मोडे. परीक्षा मुंबईला, पुस्तकं विलायतेची आणि शिकवायला एकच प्रोफेसर. पहिल्याच महिन्यात ते मला म्हणाले, "मनाविषयी पुष्कळ वाचलंत. आता वेड्यांच्या इस्पितळात जा. आठवड्यातून दोनदा एकाच माणसाजवळ बसा आणि काय दिसलं ते लिहून आणा." तिथल्या डॉक्टरांची परवानगी त्यांनी आधीच काढून ठेवली होती.

मला नेमून दिलेला माणूस गारगोटीचा कल्हईवाला होता, पन्नाशीचा. सगळे त्याला चाचा म्हणत. तो कुणाला मारत नव्हता, ओरडत नव्हता. फक्त छपराखाली यायचा नाही. दिवसभर अंगणातल्या चिंचेखाली बसे. दिवेलागणीला दोन शिपाई त्याला दंडाला धरून आत न्यायला लागले, की उंबऱ्याला पाय लावून असा अडायचा की तिघंही घामाघूम व्हायचे. हे रोजचंच, कित्येक वर्षांचं.

मी वही घेऊन जायचो. झोप लागते का, स्वप्नं पडतात का, आवाज ऐकू येतात का? चाचा माझ्याकडे पाहायचासुद्धा नाही. महिनाभर वहीत मी 'उत्तर नाही' एवढंच लिहिलं. शेवटी तिथल्या म्हाताऱ्या शिपायाला माझी कीव आली.

"पावणं, कोर्टात उभा हाय काय त्यो? किती इचारतासा! गप बसा की जरा."

मग मी गप्प बसायला लागलो. ते सोपं असेल असं वाटलं होतं. पण त्या गप्प बसण्यानं मी जितका दमलो, तितका कुठल्याच पुस्तकानं दमलो नव्हतो. परतताना पाय ओढत यायचो. आई ताट वाढून काय झालं विचारायची आणि मला तोंड उघडायचाही कंटाळा यायचा. प्रोफेसरांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "मी हे कधी केलेलंच नाही. मला काय सांगता येणार?" त्यांच्या प्रामाणिकपणाचा मला त्या दिवशी रागच आला.

होळी झाल्यावर एका दुपारी चाचा आपणहून बोलला, माझ्याकडे न बघता.

"प्लेगात समदी म्हनत हुती, घर सोडा, रानात पाचटाची खोप घाला. बायकू बी म्हनली. मी म्हनलं, भट्टी सोडून कुटं जाऊ? हितंच ऱ्हायाचं. बायकू गेली, दोन्ही पोरी गेल्या. मला काय बी झालं न्हाय."

"व्हय चाचा," एवढंच म्हणालो आणि ऊन उतरेपर्यंत बसून राहिलो.

डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शिपाई जवळ निजणार असेल तर उन्हाळाभर चाचाला अंगणात झोपू द्यायला तयार झाले. ओढाताण थांबली. "पण पावसाळ्यात काय करणार?" त्यांनी विचारलं. मी पुस्तकं चाळून पाहिली; त्यांत पावसाळा नव्हता.

मृग तोंडावर आला तेव्हा तो म्हातारा शिपाई कसबा बावड्याहून उसाच्या पाचटाचे दोन भारे डोक्यावरून घेऊन आला. चिंचेपाशी त्यानं बांबू रोवले. "खोप घालायची ऱ्हायली हुती न्हवं त्येची," मला म्हणाला, "आता घालूया." चाचा दोन दिवस लांबून बघत बसला. तिसऱ्या दिवशी उठला, शिपायाच्या हातातली सुतळी काढून घेतली आणि गाठी स्वतः मारल्या. सगळा पावसाळा तो त्या खोपीत निजला.

दसऱ्याच्या सुमारास त्याचा धाकटा भाऊ न्यायला आला. "घरात न्हाय येनार," चाचा त्याला म्हणाला. "मागल्या परड्यात खोप घाल, मग येतो." भावानं मान डोलावली. जाताना चाचानं शिपायाला मिठी मारली. माझ्याकडे बघितलंही नाही. खोटं कशाला सांगू, मला ते लागलं.

चाचावर लिहिलेला निबंध प्रोफेसरांना फार आवडला. त्यांनी एकच विचारलं, "खोप कुणाची कल्पना?" निबंधात ते मी मोघम ठेवलं होतं. शिपायाची, म्हणालो. "मग तसं लिहा," म्हणत त्यांनी कागद परत दिले.

नंतर मला दुसरा माणूस दिला, त्यानंतर तिसरा. परीक्षा झाली, दुसरा वर्ग मिळाला. इस्पितळात येत राहा, असं डॉक्टर आणि प्रोफेसर दोघंही म्हणाले. मी पंधरा दिवस नुसते झोपून काढले आणि नाही म्हणून कळवलं. काम जमत नव्हतं असं नाही. जमायला लागलं होतं, आणि पुढे जन्मभर असंच दमून घरी यायचं, हे दिसायला लागलं होतं.

शिपायाचा निरोप घ्यायला गेलो.

"दमलासा व्हय?" त्यानं विचारलं.

"दमलो."

"आमी बी दमतो की. मला वाटलं, तुमच्या कालिजात त्येच्यावर काय औषीद शिकवत असतील."

"नाही शिकवत," मी म्हणालो.

त्यानं गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. पुढच्या सोमवारी मी हायस्कुलात मास्तर म्हणून रुजू झालो.